हाडाशेजारचा धातू

पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत राख सावडायला गेलेल्या मंडळींच्या हाताला कधीकधी अस्थींबरोबर एक अनोळखी वस्तू लागते. मांडीच्या हाडात कधीकाळी घातलेला रॉड, खुब्याचा गोळा, नाहीतर गुडघ्यावर बसवलेली धातूची टोपी. घरातल्या धाकट्यांना तर आजीच्या पायात असं काही होतं याचा तोवर पत्ताही नसतो. हाड भाजून इतकं ठिसूळ झालेलं असतं की चिमटीत चुरा व्हावा. धातू मात्र जरासा काळवंडून, आकारानिशी शाबूत. यात नवल नाही. चितेची आग ८००-९०० अंशांच्या घरात असते, स्टेनलेस स्टील वितळायला १४०० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि टायटॅनियमला तर १६६८ अंश. आगीचं भय या धातूंना नाहीच. त्यांना भय आहे ते ३७ अंशांच्या खारट पाण्याचं. म्हणजे ज्या देहात ते इतकी वर्षं मुक्कामाला होते, त्या देहाचंच.

या प्रस्तावनेचा विषय तो गंज. आणि त्याच्या जोडीला एक नवं धातूकुळ, ज्याला शास्त्रज्ञ धातू-काच म्हणतात आणि ज्याच्याविषयी गेली काही दशकं असं सांगितलं जातंय की ते हाडाशेजारी राहूनही गंजणार नाही, किंवा हवं तेव्हा आणि हवं तेवढंच गंजेल. दावा मोठा आहे. तो पुरता खरा नाही, आणि खोटा तर मुळीच नाही.

पुण्यात हा विषय परका वाटायला नको. दुचाक्यांच्या या शहरात ‘पायात रॉड टाकलाय’ हे वाक्य कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं आणि सांगणारा ते पावसाळ्यात पाय दुखण्याचं कारण म्हणून सांगतो. गुडघे बदलून आलेल्या आजी-आजोबांची तर बागेत वेगळी बैठक भरावी इतकी संख्या आहे. पण आपल्या अंगात नेमका कुठला धातू बसलाय हे त्यांना विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर ‘इम्पोर्टेड’ किंवा ‘इंडियन’ असं येतं. धातूचं नाव डिस्चार्ज कार्डावरच्या स्टिकरमध्ये राहून जातं.

शरीर धातूला कसं वागवतं ते आधी पाहायला हवं. रक्तद्रवात लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल क्लोराइड असतं. सलाइनच्या बाटलीवरचे ०.९ टक्के मीठ रक्ताच्या एकूण खारटपणाच्या मानाने ठरलेले. समुद्रात ते ३.५ टक्के असतं, म्हणजे मिठाच्या बाबतीत शरीर समुद्रापेक्षा सौम्य. बाकी बाबतीत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत जखमेभोवतीचा सामू ७.४ वरून खाली, आम्लाच्या बाजूला घसरतो. जंतू मारण्यासाठी पांढऱ्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल रसायनं सोडतात आणि समोर जंतू आहे की स्क्रू, याचा विचार त्या करत नाहीत. प्रथिनं धातूच्या पृष्ठभागावर चिकटतात. कधी ती ढाल होतात, कधी सुटणारे धातूचे अणू आपल्यात गुंफून वाहून नेतात आणि गंजाला वाट मोकळी करून देतात. वर चालणं आहेच. सांध्याची यंत्रावर चाचणी घेताना वर्षाला साधारण १० लाख पावलं धरतात. दर पावलाला प्लेट आणि स्क्रूचं डोकं यांच्यात केसाएवढीही नसलेली हालचाल होते, पृष्ठभाग खरवडला जातो आणि खरवडलेल्या जागी पुन्हा खारं पाणी शिरतं.

पहिल्या शल्यविशारदांना हे सगळं ठेच लागूनच कळलं. लंडनचे विल्यम आर्बथनॉट लेन १८९० च्या दशकात मोडलेली हाडं पोलादी पट्ट्यांनी जोडत होते; त्या पट्ट्या गंजायच्या. बेल्जियमच्या अल्बिन लँबॉट यांनी १९०७ च्या सुमारास एक धाडस केलं. पायाच्या नळीच्या हाडावर त्यांनी मॅग्नेशियमची पट्टी बसवली, म्हणजे हाड जुळेपर्यंत ती आपोआप विरघळेल आणि दुसरी शस्त्रक्रिया टळेल. कल्पना उत्तम. पण ती पट्टी ठोकली सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी. मॅग्नेशियम आणि सोनं खाऱ्या पाण्यात एकत्र आली की त्यांची बॅटरी होते आणि त्या बॅटरीत झिजायचं काम मॅग्नेशियमच्या वाट्याला येतं. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि रुग्णाच्या कातडीखाली हायड्रोजन वायू साठून फुगवटा आला. वायू किती होतो याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो: एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण गंजलं की जवळपास एक लिटर हायड्रोजन. हाडाशेजारी एक लिटर वायू ठेवायला जागा नसते.

टेक्सासमधल्या व्हेनेबल आणि स्टक या शल्यविशारदांनी १९३७ मध्ये कुत्र्यांच्या हाडांत वेगवेगळे धातू बसवून, हाडाची हानी धातूच्या विद्युत-रासायनिक क्रियेमुळे होते हे दाखवलं. एकाच हाडात दोन जातींचे धातू नकोत, हा नियम तेव्हापासूनचा. त्यांनी निवडलेला व्हायटॅलियम हा दातांच्या कामातला कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू पुढे खुब्यात गेला. स्टेनलेस स्टीलमध्ये मॉलिब्डेनम घालून क्लोराइडला तोंड देण्याची ताकद वाढवली गेली, मग कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत आणला गेला आणि ‘३१६ एल’ तयार झालं. आजही भारतात अपघाताच्या रुग्णांच्या हाडांत बसणारा बराचसा माल याच स्टीलचा असतो, कारण ते स्वस्त आहे आणि त्याचा रॉड पोटभर वाकवला तरी पटकन मोडत नाही. टायटॅनियमची कहाणी स्वीडनची. पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमची छोटी कुपी वापरत होते. प्रयोग संपल्यावर महागडी कुपी काढायला गेले, तर हाड तिला सोडेना.

हे तिन्ही धातू तगतात ते स्वतःच्या जोरावर नव्हे, अंगावरच्या पापुद्र्याच्या जोरावर. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा, टायटॅनियमवर टायटॅनियम ऑक्साइडचा. जाडी दोन ते सात नॅनोमीटर, म्हणजे काही डझन अणूंची रास. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारलेल्या पातेल्याला कल्हई लावतात ती याच कामासाठी, तांबं आणि आंबट वरण यांच्यामध्ये काहीतरी असावं म्हणून. फरक एवढाच की कल्हई उडाली की कल्हईवाला शोधावा लागतो. टायटॅनियम ओरखडा पडल्यावर क्षणार्धात स्वतःची कल्हई स्वतः करून घेतं. अर्थात, परत परत ओरखडे पडत राहिले तर परत परत पापुद्रा धरण्यात धातू खर्ची पडतो, आणि तो खर्च रक्तात जातो.

तो खर्च किती होऊ शकतो हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा खुबा होता. त्याचा गोळाही कोबाल्ट-क्रोमियमचा आणि वाटीही. धातूवर धातू घासला तर प्लास्टिकसारखी झीज होणार नाही, असा हिशेब. प्रत्यक्षात झीज आणि गंज एकमेकांच्या मदतीला आले: घासल्याने पापुद्रा निघायचा, निघालेल्या जागी धातू विरघळायचा, सुटलेले बारीक कण पुन्हा घासायला हातभार लावायचे. सांध्याभोवतीचं मांस काळं पडलं, रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम चढलं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून हा माल परत बोलावला. तोवर सुमारे ९३,००० लोकांच्या अंगात तो बसला होता आणि ब्रिटनच्या नोंदवहीनुसार पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण महेश झगडे आयुक्त असताना लावून धरलं आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला. केंद्राची समिती नेमली जायला २०१७ उजाडलं. २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचं सूत्र ठरलं, आणि त्या वेळी कित्येक रुग्णांचा ठावठिकाणाच नव्हता.

एएसआरमधला धातू वाईट नव्हता हे इथे ध्यानात घ्यायला हवं. तोच कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्यात प्लास्टिकवर घासत वीस-वीस वर्षं बिनबोभाट चालतो. म्हणून एखादा मिश्रधातू गंजतो की नाही, हा प्रश्न अर्धवट आहे. कुठे, कशाशी घासत, कुणाच्या शेजारी आणि किती वर्षं, हे जोडल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

पुण्याने या प्रश्नाचा एक तुकडा फार आधी हाती घेतला होता. डॉ. कांतिलाल संचेती यांनी ‘इंडस’ गुडघा घडवला तो परदेशी गुडघे इथल्या हाडांना मोठे पडतात आणि मांडी घालून बसणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसाला पुरेसे वाकत नाहीत म्हणून. शिवाजीनगरच्या संचेती रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांकडे पाहून सुचलेला तो बदल आकाराचा होता, धातू जुनाच. पुण्याशी जोडलेल्या सुश्रुत-ॲडलर समूहाने रत्नागिरी जिल्ह्यात देवरूखजवळ साडवलीच्या एमआयडीसीत प्लेटा, नेल आणि स्क्रू बनवायला घेतले. हापूसच्या प्रदेशातल्या यंत्रांवर कातलेले स्क्रू देशभरातल्या हाडांत जाऊ लागले. २०१३ मध्ये ॲडलर कंपनी ब्रिटनच्या स्मिथ अँड नेफ्यूने विकत घेतली. म्हणजे घडवण्याचं कसब इथे आहे, कापण्या-घासण्या-चकाकवण्याची यंत्रंही आहेत. नवा मिश्रधातू शोधून, त्याचा गंज मोजून, तो शरीरापर्यंत नेण्याची साखळी मात्र तुटक तुटक आहे. धातुशास्त्र शिकवणारं सीओईपी आणि अस्थिरोगांचं एवढं मोठं रुग्णालय एकाच शिवाजीनगरात, पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि तरीही काढलेला रॉड सहसा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून रुग्णाच्याच हाती दिला जातो, आणि घरी कपाटात पडतो.

धातूचा भाव मात्र सरकारने नेमका ठरवलाय. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली ती धातू पाहूनच: कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा गुडघा कर वगळून ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा ७६,६०० रुपये. हा दुसरा, झिर्कोनियमचा गुडघा विशेष लक्ष देण्याजोगा. झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम मिसळायचं आणि हवेत ५०० अंशांच्या आसपास तापवायचं, म्हणजे पृष्ठभागावर पाचेक मायक्रॉनचा चिनी मातीसारखा कठीण काळा थर धरतो. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत ज्या नळ्यांमधून गरम जड पाणी वाहतं, त्याही झिर्कोनियम आणि अडीच टक्के नायोबियमच्याच. अणुभट्टीच्या नळीत आणि आजीच्या गुडघ्यात एकच धातू असावा, याचं एक कारण दोन्हीकडे सारखं: तो पाण्यात टिकतो.

धातू-काचेच्या गोष्टीतही झिर्कोनियम पुन्हा पुन्हा येतं. पण आधी काच.

पुणे जिल्ह्याला काच नवी नाही. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे कारागीर घडवत. तिथल्या भट्टीत वाळू, सोडा आणि चुना वितळायचा आणि फुंकलेली बाटली तासन् तास सावकाश निववावी लागायची, नाहीतर तडकायची. वाळूचा रस मधापेक्षाही घट्ट असतो. त्यातले अणू इतके जखडलेले असतात की निवताना ओळीत उभं राहायला त्यांना जमतच नाही. ते जिथे असतात तिथेच गोठतात. या बेशिस्त गोठण्यालाच काच म्हणायचं. आरपार दिसणं हा तिचा जोडधंदा.

धातूचा रस याच्या उलट, पाण्यासारखा पातळ. निवू लागला की अणू झटपट रांगा धरतात, स्फटिक वाढतात, एकमेकांना भिडतात आणि जिथे भिडतात तिथे शिवणी उरतात. वापरातलं प्रत्येक स्टील, पितळ, टायटॅनियम अशा असंख्य बारीक स्फटिकांचं बनलेलं असतं. १९६० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोल ड्युवे आणि त्यांचे सहकारी क्लेमेंट व विलेन्स यांनी सोनं आणि सिलिकॉन यांच्या मिश्रणाचा थेंब थंड तांब्यावर असा आदळवला की सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने तो गोठला. अणूंना रांगा धरायला वेळच मिळाला नाही. हाती आला धातूचा एक पातळ पापुद्रा, ज्यात एकही स्फटिक नव्हता. भारतात या विषयाची पायाभरणी बनारस हिंदू विद्यापीठात टी. आर. अनंतरामन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. १९८४ मध्ये त्यांनी संपादित केलेला धातू-काचांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तीसेक वर्षं ही काच बहुतांशी फितीच्या रूपातच मिळत होती, जाडी २५ मायक्रॉनच्या आसपास. त्या फितीला काम मिळालं ते विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, लोखंड-सिलिकॉन-बोरॉनच्या काचेचा गाभा म्हणून. त्याने रिकाम्या वेळची गळती बरीच कमी होते. दुकानातल्या चोरीविरोधी पट्ट्यांतही ती असते. मग सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले अकिहिसा इनोउए आणि कॅलिफोर्नियातले विल्यम जॉन्सन यांनी तीन, चार, पाच मूलद्रव्यं अशी मिसळली की एकमेकांच्या आकारांमुळे अणूंना रांग धरणं अवघड व्हावं. १९९३ मध्ये जॉन्सन आणि अताकान पेकर यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबं, निकेल आणि बेरिलियम यांचा मिश्रधातू मांडला. सेकंदाला एखादा अंश निवला तरी तो काचच राहायचा. आता बोटभर जाडीची कांडी ओतता येऊ लागली, आणि कांडी म्हटलं की हाडवाल्यांचे डोळे चमकणारच.

मोहाची कारणं खरी आहेत. स्टीलचा ताठरपणा १९० गिगापास्कलच्या घरात, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा ११०, झिर्कोनियमच्या काचेचा ८० ते १००, आणि हाडाचा १० ते ३०. शेजारी फार ताठ धातू असेल तर भार तोच उचलतो आणि बिनकामाचं हाड विरळ होत जातं. शिवाय धातू-काच दोन टक्के ताणली तरी सोडल्यावर पूर्ववत होते. नेहमीच्या धातूंना एक टक्काही झेपत नाही.

गंजाच्या बाजूने पहिली मोठी बातमी १९७४ मध्ये सेंदाईहूनच आली. नाका, हाशिमोतो आणि मासुमोतो यांनी लोखंड, क्रोमियम, फॉस्फरस आणि कार्बन यांची काच मिठाच्या पाण्यात ठेवली आणि आठ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असताना ती गंजेना. तेवढ्या क्रोमियमचं स्फटिकी पोलाद स्टेनलेस म्हणवून घ्यायलाही पात्र नसतं. कारण समजायला सोपं आहे. स्टीलमध्ये खड्डा पडायला सुरुवात होते ती कुठल्यातरी कमकुवत जागी: मँगनीज सल्फाइडचा बारीक कण, दोन स्फटिकांमधली शिवण, कार्बाइडने क्रोमियम ओढून घेतल्यामुळे दरिद्री झालेली पट्टी. काचेत शिवण नाही, कण नाही, दरिद्री पट्टी नाही. सगळीकडे सारखाच माल, म्हणून पापुद्राही सगळीकडे सारखा.

निदान कागदावर. झिर्कोनियमच्या काचांनी हे चित्र बिघडवलं. त्यांचा पापुद्रा उत्तम धरतो, क्लोराइड नसलेल्या पाण्यात तर कौतुक करावं असा. पण मीठ आलं आणि विद्युत दाब थोडा चढवला की एखाद्या ठिकाणी तो फुटतो, आणि फुटला की सावरत नाही. कारण तांबं. झिर्कोनियम भराभर विरघळतं, तांबं मागे राहून खड्ड्याच्या तळाशी साचतं, दोघांची बॅटरी होते, खड्ड्यातलं पाणी आम्ल होत जातं आणि त्यात नवा पापुद्रा धरायला जागा उरत नाही. लँबॉटच्या पट्टीत सोन्याच्या मुलाम्याने केलं ते इथे मिश्रधातूच्या पोटातलं तांबं करतं. भरीला, ओतताना रसात जराशी जास्त हवा मिसळली की ऑक्सिजनभोवती बारीक स्फटिक धरतात आणि निर्दोष काचेत दोष येतो. बेरिलियम विषारी, निकेलची ॲलर्जी अनेकांना. तेव्हा खड्डा पडला तर रक्तात काय जाणार, हाही प्रश्न.

इथे एक स्पष्ट बोलायला हवं. धातू-काचांवरच्या अनेक शोधनिबंधांत नव्या काचेची तुलना ३१६ एल स्टीलशी केलेली असते आणि काच जिंकते. हा सामना सोपा आहे. खरा प्रतिस्पर्धी टायटॅनियम, आणि शरीराच्या तापमानाला, शरीरासारख्या पाण्यात, टायटॅनियमला खड्डे पडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. तिथे तांबंवाली झिर्कोनियम काच मागे पडते. तिची सरशी आहे ती घासण्याला तोंड देण्यात, लवचिकपणात आणि ताकदीत. टायटॅनियम घासण्याच्या कामी अगदीच कच्चं असतं. म्हणून संशोधक टायटॅनियमच्याच काचेकडे वळले. २००७ मध्ये इनोउए यांच्या गटाने टायटॅनियम ४०, झिर्कोनियम १०, तांबं ३६ आणि पॅलेडियम १४ अशा प्रमाणातली काच मांडली. निकेल नाही, बेरिलियम नाही. कांडीची जाडी मात्र ६ मिलिमीटरपर्यंतच, आणि पॅलेडियम महागडं. स्क्रू होईल, मांडीचा रॉड नाही.

गंज मोजतात कसा, हे जवळून पाहिल्याखेरीज या आकड्यांचा अंदाज येत नाही. तीनेक मिलिमीटर जाडीच्या कांडीची चकती कापून रेझिनमध्ये बसवतात आणि तिचा एक चेहरा आरशासारखा होईपर्यंत घासतात, शेवटी हिऱ्याच्या पेस्टवर. मग काचपात्रात शरीरासारखं पाणी: रिंगरचं द्रावण, हँक्सचं द्रावण, नाहीतर फॉस्फेटचं सलाइन, भोवती ३७ अंशांचं गरम पाणी, कधी ऑक्सिजन कमी करायला नायट्रोजनचे बुडबुडे. चकती, प्लॅटिनमची तार आणि दाब मोजायचा इलेक्ट्रोड, अशा तीन जोडण्या. तासभर काही न करता थांबतात. धातू आपला निवांत दाब शोधून काढतो. त्यानंतर दाब मिनिटाला १० मिलिव्होल्ट इतक्या सावकाश चढवत नेतात आणि पडद्यावर प्रवाहाची रेघ बघत बसतात. रेघ बराच वेळ जवळजवळ उभी राहते, प्रवाह नावालाच. आणि मग ती एकदम उजवीकडे झुकते, प्रवाह शंभरपट, हजारपट होतो: पहिला खड्डा पडला. लगेच दाब उतरवायला लागायचं आणि रेघ त्याच वाटेने परतते की मोठा फेरा घेते ते पाहायचं. फेरा जितका रुंद, तितका खड्डा भरून यायला धातू नाखूश. चकती काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कधीकधी भलताच उलगडा होतो: खड्डा चेहऱ्यावर नाहीच, चकती आणि रेझिन यांच्या फटीत आहे. अख्खा दिवस फुकट, आणि नवख्याच्या हातून ती रेघ तशीच छापलीही जाते. कुठल्याही निबंधातली रेघ वाचताना फट कशी बुजवली होती हे तपासण्याची सवय म्हणूनच बरी. द्रावणात अल्ब्युमिन होतं का, हेही पाहावं; प्रथिनांशिवायचं पाणी हे शरीर नव्हे.

दुसरी शाखा याच्या अगदी विरुद्ध दिशेची आहे, आणि प्रस्तुत विषयातली सर्वांत रसाळही. तिथे गंज टाळायचा नाही, त्याचं वेळापत्रक बसवायचं. मोडलेलं हाड तीन-चार महिन्यांत जुळतं. त्यानंतर स्क्रूचं काम संपतं. लँबॉटची मूळ कल्पना शंभर वर्षं रखडली होती ती मुख्यतः हायड्रोजनपायी. २००९ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या झबेर्ग, उगोवित्सर आणि लोफ्लर यांनी मॅग्नेशियम, जस्त आणि कॅल्शियम यांची काच केली. स्फटिकी मॅग्नेशियममध्ये जस्त दोन-तीन टक्क्यांच्या पुढे मुरत नाही, उरलेलं वेगळ्या कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि गंजाला आमंत्रण देतं. काचेत अशी बाहेर पडायला सवडच नसते, त्यामुळे ३० टक्क्यांच्या वर जस्त कोंबता येतं. आणि जस्त साधारण २८ टक्क्यांच्या पुढे गेलं की गंजणाऱ्या पृष्ठभागावर जस्ताचा दाट थर धरतो आणि हायड्रोजन जवळजवळ थांबतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कातडीखाली तो फुगवटा दिसला नाही. काच केवळ कमी गंजते एवढंच नव्हे, तर स्फटिकात शक्यच नसलेली पाककृती तिच्यात शक्य होते, हे या कामाने दाखवलं. धातू-काचेच्या बाजूने याहून पक्का युक्तिवाद नाही.

बाजारात मात्र आधी पोचलं ते स्फटिकी मॅग्नेशियमच. जर्मनीतल्या सिंटेलिक्स कंपनीच्या मॅग्नेशियम स्क्रूला २०१३ मध्ये युरोपची परवानगी मिळाली. मॅग्नेशियमची काच ठिसूळ आहे, पाचेक मिलिमीटरच्या पुढे ओतता येत नाही आणि पेचकस घट्ट फिरवला की डोकं तुटण्याची धास्ती. शल्यविशारदाला गंजाचा आलेख कितीही आवडला, तरी तुटलेलं डोकं हाडात अडकलेलं त्याला चालत नाही. निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचे १३४ अंश झिर्कोनियमच्या काचेला झेपतात. पण तीनेकशे अंशांच्या पुढे नेलं की तिचेही अणू हलायला लागतात आणि शेवटी स्फटिक होतात, म्हणजे जोडकाम आणि डागकाम जपूनच.

भारतात आता वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत, १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेले, आणि उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी मटेरिओव्हिजिलन्सची यंत्रणा २०१५ पासून आहे. नोंद होते ती बिघाडाची. वर्ष-दोन वर्षं हाडात राहून बिनतक्रार बाहेर आलेल्या रॉडची नोंद कुणी करत नाही, आणि गंजाचा अभ्यास करणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच रॉड: मधुमेही रुग्णाच्या पायातून निघालेला, स्क्रूच्या भोकाच्या कडेला बारीक खड्डे पडलेला, कुठल्या ओतीचा ते माहीत असलेला. संमती घेऊन, क्रमांक घालून असे शंभर तुकडे दरवर्षी शिवाजीनगरातला एक रस्ता ओलांडून गेले, तर पुण्याकडे असा साठा होईल जो झुरिक किंवा सेंदाईकडे असणार नाही, कारण उकिडवे बसणारे, अनवाणी चालणारे, मोठ्या प्रमाणावर मधुमेह असलेले रुग्ण त्यांच्याकडे एवढे नाहीत.

पुढची प्रकरणं झिर्कोनियमच्या काचेपासून सुरू होतात आणि मॅग्नेशियमशी थांबतात. मध्ये लोखंड आणि टायटॅनियमच्या काचा येतील, त्यांतल्या काही अजून मिलिमीटरभर जाडीच्याही झालेल्या नाहीत. ज्यांना आलेखांची सवय नाही त्यांनी सरळ मॅग्नेशियमचं प्रकरण आधी वाचायला हरकत नाही. बाकीच्यांनी प्रत्येक कोष्टकात चाचणी किती वेळ चालली तो रकाना आधी पाहावा. तिथे बहुधा तास लिहिलेले असतात, क्वचित आठवडे.